नानांची खरखर

माझ्या आयुष्यात ज्या माणसाने मला सगळ्यात जास्त शिकवलं, त्याने शिकवताना माझं तोंड कधी बघितलंच नाही. नाना वर्गाकडे पाठ करून बसायचे. समोर भिंत, भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर, आणि पाठीमागे आम्ही पोरंपोरी तीन मशीनवर पाळीपाळीने टकटक करतोय. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा कुणावर तरी रुसून बसलाय. माझे वडील, आबा, पहिल्या दिवशी मला पोचवायला आले, ते दारातूनच माझ्या कानाशी लागले, "मास्तर झोपेल शे का वं?"

"जागा शे," भिंतीकडून उत्तर आलं. "आणि तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय. फरपटतेय ती. स्टेशनच्या बाहेर चांभार बसतो, शिवून घ्या."

आबांनी खाली बघितलं. अंगठा तुटलेला होता. आबा चप्पल शिवूनच आमच्या गावी, धरणगावला परतले. घरी आईला म्हणाले, "मास्तर येडा शे, पन कान तिखट शेत."

नाना तारखात्यातले. उभी हयात धुळ्याच्या तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट करण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, नातवंडं खेळवतात; यांनी जळगावला स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटरला लोक तेव्हा देवासारखं जपायचे. चपला बाहेर, हात धुऊन आत, मशीनवर झाकायला अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, जुन्या लुगड्याच्या काठाचे झगे शिवलेले. दसऱ्याला अक्कांनी तिन्ही मशिनांना हळदकुंकू वाहिलं आणि भक्तिभावाने अशा काही अक्षता टाकल्या की त्यातली एक फ्लॉपीच्या फटीतून आत गेली. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, फ्लॉपी फिरली, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेले नाना ओरडले, "अगं, याच्या पोटात तांदूळ आहे!"

"तुमच्याच डोक्यात आहे तांदूळ," आतून अक्का म्हणाल्या.

नानांनी मशीन उचललं, पोराला ओकारी आली की उलटं धरतात तसं धरलं आणि हलवलं. कुंकू लागलेला दाणा टप्पकन सतरंजीवर पडला. नानांनी तो उचलून अक्कांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "एकावन्न."

हे नंबरांचं प्रकरण सांगायला हवं. पूर्वी शुभेच्छांच्या तारांना नंबर असायचे. आख्खं वाक्य लिहायचं नाही, नंबर द्यायचा. पोचताना त्याचं वाक्य होऊन पोचायचं. लग्नाचा नंबर आठ. नाना कुणाच्याही लग्नात नवरा-नवरीसमोर उभे राहून खणखणीत "आठ!" म्हणायचे आणि सरळ पंगतीत जाऊन बसायचे. म्हाताऱ्या लोकांना कळायचं, तरणे एकमेकांची तोंडं बघायचे. पण खात्याची यादी नानांना पुरेना. मग पन्नासपासून पुढे त्यांनी स्वतःचे नंबर काढले. पन्नास म्हणजे चहा टाका. एकावन्न म्हणजे चुकलात, पण बसा. साठ म्हणजे आता घरी जा, डोकं उठलंय. आणि सत्तर. सत्तर ते तोंडाने कधीच म्हणायचे नाहीत. टेबलावर बोटाने वाजवायचे, तारेच्या भाषेत. टिचकी म्हणजे आखूड, बोट घासलं की लांब. सात म्हणजे दोन लांब, तीन आखूड. शून्य म्हणजे पाच लांब. त्यांच्या सत्तरचा अर्थ होता, "मी ऐकतोय. चालू दे."

त्या शून्याचा शेवटचा लांब जरा जास्तच लांबायचा. तरुणपणी उजव्या हाताची तर्जनी सायकलच्या चेनमध्ये सापडून वाकडी झाली होती, ती वेळेवर उचलायचीच नाही. तारवाल्यांमध्ये याला 'हात' म्हणतात. प्रत्येकाचा हात वेगळा. भुसावळला बसलेला माणूस धुळ्याहून येणाऱ्या नुसत्या आवाजावरून सांगायचा म्हणे, "हा तो वाकड्या बोटाचा. आज सर्दी झालेली दिसते." सर्दीचं नानांनी पदरचं घातलं असेल. बाकी खरं असावं.

नानांना मशीनमधलं गाणं सापडलं ते क्रिकेटपायी. एका दुपारी ते कॉमेंट्री ऐकायला ट्रान्झिस्टर वर्गात घेऊन आले, आणि कुणीतरी मशीन चालू केल्याबरोबर कॉमेंट्रीची खरखर झाली. शहाण्या माणसाने रेडिओ लांब नेला असता. नानांनी मॅच सोडली आणि रेडिओ मशीनला चिकटवून ठेवला. काटा दोन स्टेशनांच्या मध्ये, जिथे काहीच लागत नाही तिथे नेला, आणि कान लावला. जेवायची वेळ टळून गेली, अक्का दोनदा येऊन गेल्या, तरी कान निघेना.

"अगं, हे मोजताना गुणगुणतं!" शेवटी ते म्हणाले. "बाई दळताना गुणगुणते ना, तसं. स्वतःशीच!"

आणि ते खरं होतं. मशीन नावं अकारविल्हे लावायला बसलं की रेडिओत कुणीतरी जिना चढल्यासारखा सूर वर जायचा. छापायला लागलं की घरघर. काही न करता आमच्या बोटाची वाट बघत बसलं की एकच बारीक सूर, डासासारखा. मग नानांनी त्याला कामाला लावलं. मशीनला सांगायचं, काही करू नकोस, नुसतं एकपासून शंभरपर्यंत मोज आणि परत मोज. ते रिकामं मोजणं रेडिओत सूर होऊन ऐकू यायचं. थोडं मोजायला लावलं की सूर चढा, पुष्कळ मोजायला लावलं की खर्जात. भजनी मंडळाची पेटी मागून आणली आणि नाना मशीनला सा लावायला बसले. तीन आठवडे घरात दुसरं काही नाही. अक्का म्हणायच्या, "चाळीस वर्षं मी कट्टकट्ट ऐकली, आता हे चींचीं. मेलं एकदा तरी शांत घर द्या मला." आणि तेवढ्यात त्यांच्यासाठी पन्नास टाकायला निघून जायच्या.

सूर लागल्यावर नानांनी मैफल ठेवली. हो, मैफल! पेटीवाले बुवा, शेजारचा पानवाला, आम्ही पोरं आणि आमच्या ओळखीत ज्याला ज्याला नाही म्हणता आलं नाही तो. सतरंजी, पोहे, मध्यभागी झगा काढलेलं मशीन आणि त्याच्या डोक्यावर ट्रान्झिस्टर. नाना डोळे मिटून बसले होते, आनंदाने अंगठा हलत होता. बराच वेळ गेल्यावर बुवा अदबीने म्हणाले, "नाना, तंबोरा छान लागलाय. गाणं कधी सुरू करायचं?"

सगळे हसले. मीही हसले. नाना नाही रागावले. म्हणाले, "हे कुणी याच्यात घातलेलं नाही, बुवा. बनवणाऱ्याला माहीतसुद्धा नसेल. मला एवढंच नवल वाटतं." आणि पोह्यांची दुसरी बशी बुवांपुढे सरकवली.

हसले खरी, पण त्या दिवसांत मला रडायला येत होतं. कारण माझे डोळे जात होते.

लहानपणापासून अंधार पडला की मी चाचपडायची. मागल्या दारी पाणी आणायला गेले की बादलीवर आपटायची, आणि घरात सगळे म्हणायचे, धांदरट आहे. धुळ्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा कळलं. ते म्हणाले, नजर कडेकडेने जाईल, मधली सगळ्यात शेवटी. चष्म्याचा उपयोग नाही, औषध नाही. मला तेव्हा नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. कागदावरची एक ओळ नीट वाचता यायची, पण मान वर करून पडदा बघितला आणि परत कागदाकडे आले की ओळ हरवायची. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर पडायचा. टायपिंगमध्ये मी पहिली, पण या वर-खाली बघण्यात माझी वाट लागायची. क्लासमध्ये मी कुणाला सांगितलं नव्हतं. आबांनी मात्र ठरवून टाकलं. "तुना डोया जाई ऱ्हायनात, बेन. आते कसाले तो मशीनना नाद? घर बस. तुले कोनी उपाशी ठेवस का?" ते मायेनेच म्हणत होते, म्हणून जास्त लागत होतं. बावीस वर्षांची मी. घरी बसायचं म्हणजे ओसरीवरच्या कोपऱ्यात बसायचं आणि जो येईल त्याने "कशी आहेस गं?" विचारून दुसऱ्याशी बोलायला लागायचं. मला तेवढं नको होतं. बाकी काय वाट्टेल ते चाललं असतं.

तर एका संध्याकाळी सगळी पोरं गेली, मी धरणगावच्या पॅसेंजरच्या वेळेपर्यंत थांबले होते, आणि नाना भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तुझा हात सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. का गं?"

"कुठे काय, नाना."

"ऊन उतरलं की तू अडखळतेस. बोटं नाही अडखळत. बोटं थांबतात, काहीतरी शोधतात, मग घाईने पळतात. काय शोधतेस?"

माझा बांधच फुटला. हुंदके देत सगळं सांगितलं. नाना वळले नाहीत. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं नाही वळले. समोर बघणाऱ्या माणसापुढे मी एवढं बोलले नसते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी टेबलावर बोट वाजवलं. दोन लांब, तीन आखूड. पाच लांब.

पुढच्याच रविवारी नाना धरणगावला आमच्या घरी. आईने भरीत-पुरी केली होती. ओसरीवर कापसाचा ढीग होता, आबा त्यातलं एक बोंड हातात घेऊन बसले होते. नानांनी विचारलं, "आबा, कापूस चांगला की वाईट हे तुम्ही बघून ठरवता का?"

"बघीसन काय समजस? बठ्ठा पांढराच शे," आबा म्हणाले आणि त्यांनी सवयीने दोन्ही चिमटींत धरून धागा ओढला. "धागा बोटले समजस."

"मग झालं," नाना म्हणाले, आणि आणखी एक पुरी मागितली. डोळ्यांविषयी एक अक्षर काढलं नाही. निघताना आबा त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले, आणि परत येऊन आईला म्हणाले, "दिवाळीलोंग जाऊ दे पोरले."

दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली होती. नानांनी आता सगळा नाद माझ्या कामाला जुंपला. धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीने हजेरीचं काम कॉम्प्युटरवर घेतलं होतं, त्याचा प्रोग्राम नानाच लिहून देत होते, आणि तिथे एक ऑपरेटर घेणार होते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते तो लिहीत, त्यात एक सोय होती: रकाना भरला की मशीन घंटी वाजवायचं. सगळे वैतागून ती बंद करून टाकायचे. नानांनी ती चालू ठेवली आणि प्रत्येक रकान्याला वेगळा सूर दिला. कामगाराचा नंबर सा, पाळी रे, हजर दिवस ग, खाडे म. रकाना सुटला की सूर सुटायचा, आणि तो कानाला खडा लागावा तसा लागायचा. शिवाय नानांनी प्रत्येक रकान्यामागे ते रिकामं मोजणं घालून ठेवलं, म्हणजे रेडिओ जवळ असला तर तोही तेच गाणार. सगळ्यात शेवटी, मी भरलेला आकडा मशीन मला तारेच्या भाषेत परत वाजवून दाखवायचं. दहा आकडे शिकायला कितीसा वेळ लागतो? मी पॅसेंजरच्या खिडकीच्या गजावर टिचक्या मारत शिकले. आता मान वर करायचं कामच उरलं नाही. डोळे कागदाच्या ओळीवर, कान मशीनवर. माझी गाडी सुसाट सुटली.

गिरणीतल्या परीक्षेला नाना स्वतः बरोबर आले. एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळं. त्यांच्या पिशवीत ट्रान्झिस्टर होता. मला वाटलं वाटेत ऐकायला घेतलाय.

गिरणीच्या ऑफिसात मुख्य माणूस भाऊसाहेब. आवाज जड, स्वभाव घड्याळाचा. मला मशीनपुढे बसवलं, हजेरीच्या कार्डांचा गठ्ठा दिला. मी सुरू केलं. सा, रे, ग, म. चार कार्डं झाली असतील, तोच भाऊसाहेब आले. "हे काय पीं पीं लावलंय? आत साहेबांचा फोन चाललाय. बंद करा ते." कारकुनाने घंटी बंद केली.

पडदा बघितला, कागद बघितला, ओळ हरवली. परत शोधली, परत हरवली. ओसरीवरचा तो कोपरा मला स्पष्ट दिसायला लागला.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या नानांना काही बघायची गरज नव्हती. सूर थांबले आणि माझा हात बदलला, एवढं त्यांना भिंतीपलीकडून पुरलं. ते पिशवी घेऊन आत आले. "माफ करा हं साहेब. बाहेर स्टेशनच लागत नाही. मॅच आहे. इथे खिडकीपाशी जरा ठेवू का? आवाज बारीक ठेवतो."

खिडकी माझ्या उजव्या हाताला, मशीनला लागून. क्रिकेटला नाही म्हणणारं ऑफिस अजून जन्माला यायचंय. भाऊसाहेब म्हणाले, "ठेवा, ठेवा."

रेडिओ खरखरला. आणि त्या खरखरीत, अगदी खाली, माझा सा लागला.

मी एक श्वास घेतला आणि सुटले. आकडे परत वाजून येत नव्हते, पण रकाने गात होते, आणि बोटं माझीच होती. इकडे नानांच्या भोवती दोन-तीन कारकून जमले. "काय नाना, स्कोअर?"

"दोन बाद एकशे चार," नाना म्हणाले.

"एवढ्या खरखरीत तुम्हाला ऐकू येतं?"

"सवय आहे. खात्यात होतो."

"खेळतंय कोण?"

"आपलेच," नाना म्हणाले, आणि लगेच मांडीवर थाप मारली, "गेला! चौकार!" शिपाई हे बातमीपत्र आतल्या खोलीत पोचवत होता. थोड्या वेळाने भाऊसाहेब स्वतः येऊन हळूच विचारून गेले. नानांनी त्यांना एक विकेट दिली.

गठ्ठा संपला. भाऊसाहेबांनी कार्डं आणि यादी ताडून बघितली. एक खाडा इकडचा तिकडे नव्हता. ते खूश होऊन काही बोलणार, तोच नाना उभे राहिले. "साहेब, एक सांगायचंय. या पोरीचे डोळे जातायत. आधी सांगितलं असतं तर तुम्ही परीक्षाच घेतली नसती. ती त्या रेडिओवर काम करते. आणि मॅच नव्हती."

मला वाटलं, संपलं.

"म्हणजे माझी विकेट?" भाऊसाहेब म्हणाले.

"ती खोटी."

"आणि चौकार?" मागून एक कारकून दुखावल्या आवाजात म्हणाला.

भाऊसाहेबांनी कपाटातून दुसरा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "नाना, तुम्ही बाहेर बसा. रेडिओ राहू द्या. आणि त्या घंटीचा आवाज पुन्हा चालू करा रे." तो गठ्ठाही मी संपवला. ते म्हणाले, "तीन महिने. मग बघू." मग बघायचं ते विसरले. मी त्या गिरणीत राहिले ती राहिलेच.

धुळ्यात मावसबहिणीकडे खोली घेतली. माझ्या टेबलावर ट्रान्झिस्टर कायमचा बसला. येणारा-जाणारा विचारायचा, "ताई, स्कोअर?" मी म्हणायची, "खेळ चालू." हळूहळू कागदही दिसेना झाले, तेव्हा एक पोरगी कार्डं वाचून दाखवायची आणि मी भरायची. आबा एकदा येऊन माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "धागा चांगला शे."

नाना दर वर्षी एप्रिलात यायचे, नवीन वर्षाची फाइल उघडून द्यायला. शेवटच्या वेळी आले तेव्हा फार थकलेले होते. मशीनपुढे खूप वेळ बसले. मी शेजारी घुटमळत होते, तर म्हणाले, "पन्नास." मी कँटीनमधून चहा घेऊन येईपर्यंत त्यांचं काम उरकलं होतं. त्याच पावसाळ्यात ते गेले. मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. जळगावला पोचले तेव्हा घर शांत होतं, अक्कांना हवं होतं तसं. त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "शेवटी वाचा गेली होती गं. पण बोट चालू होतं. पलंगाच्या लोखंडावर, टिचक्या आणि घासणं, टिचक्या आणि घासणं. मला कधी शिकवलंच नाही त्यांनी. तुला कळलं असतं." मी त्या पलंगावर हात ठेवून रडले. एवढं ऐकणाऱ्या माणसाचं शेवटचं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं.

आता माझ्या फोनला तोंड आहे. तो पत्र वाचतो, नोटा ओळखतो, वाटेल ते बोलतो. पण तेव्हा यातलं काही नव्हतं. दोन हजार साल येणार, जुनी मशिनं गोंधळ घालणार म्हणून गिरणीने सगळं बदलायला काढलं. पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला. नवीन मशीनवर चित्रं होती, उंदीर होता, आणि त्याच्याजवळ रेडिओ धरला तर नुसती एकसारखी खरखर, सूर म्हणून नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी भाऊसाहेबांना सांगायचं, फार चांगलं सांभाळलंत, आता मी धरणगावला जाते.

"मॅडम, जुन्या मशीनवरचं सगळं पुसून टाका," तो म्हणाला. "डेटा नवीन मशीनवर घेतलाय."

आमच्या प्रोग्राममध्ये सगळं पुसायची सोय होती, पण तिला आजवर कुणी हात लावला नव्हता. मी लावला. मशीनने घंटी वाजवून विचारलं, मी होची कळ दाबली. फ्लॉपी फिरायची थांबली. आणि रेडिओत सूर आला.

लांब. लांब. आखूड, आखूड, आखूड. मशीन वाजवायचं तसं मोजून-मापून नाही. जरा पुढेमागे, माणसासारखं. मग लांब, लांब, लांब, लांब. आणि शेवटचा लांब, जो वेळेवर सुटलाच नाही.

वाकड्या बोटाचा हात. मी तो कुठेही ओळखला असता. म्हणजे शेवटच्या एप्रिलात मला चहाला पाठवलं, ते हे इथे ठेवायला.

"मॅडम, रेडिओ बंद करू का? खरखर होतेय," इंजिनिअर म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढं काम त्यांना अजून येतं. पदराने पुसलं, खुर्ची नवीन मशीनकडे ओढली. "मला सांग, याच्यात रकाना भरला की काय वाजतं?"

"काहीच नाही वाजत."

"मग वाजव. प्रत्येकाचा सूर वेगळा हवा."

तो गडबडला. "शोधावं लागेल मॅडम. वेळ लागेल. जमेल की नाही..."

मी टेबलावर बोट ठेवलं. "शोध," मी म्हटलं. "मी ऐकतेय. चालू दे."